उंदीर पडतात तेव्हा

१९९४च्या ऑगस्टमध्ये बीड तालुक्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले. घरोघरी पिसवांचा उपद्रव वाढला. महिना सरता सरता माणसांना ताप भरू लागला, जांघेत आणि काखेत गाठी आल्या. भारतात प्लेगचे आधीचे रुग्ण १९६६ साली कर्नाटकात नोंदले गेले होते. मधल्या अठ्ठावीस वर्षांत डॉक्टरांची एक पिढी प्लेग फक्त पाठ्यपुस्तकात वाचून दवाखान्यात बसली होती. हा रोग देशातून गेला, असं बहुतेकांनी धरून चाललं होतं. मामल्यानं तो समज मोडला आणि बीड जिल्ह्याचं नाव जगभरच्या बातम्यांत गेलं.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१९ साली, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओनं ‘अ प्लेग टेल: इनोसन्स’ हा व्हिडिओ गेम आणला. २०२२मध्ये त्याचा दुसरा भाग ‘रेक्विएम’ आला. पहिल्या भागाची कथा १३४८ सालच्या अक्विटेन प्रांतात घडते. अमिशिया ही पंधरा वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या ह्यूगो या आजारी भावाला घेऊन जीव वाचवत पळत असते. त्याच्या रक्तात ‘प्राइमा मॅक्युला’ नावाचा शाप आहे. तो शाप जागा होतो तशी जमीन फुटते आणि लाखो उंदीर वर येतात. हे उंदीर जिवंत माणसाचा क्षणात सांगाडा करतात. ते भितात फक्त उजेडाला. धर्मपीठाच्या इन्क्विझिशनला त्या पोराचं रक्त हवं असतं, कारण ज्याच्या हाती ते रक्त त्याच्या हाती उंदरांची फौज.

आपल्याकडची कॉलेजातली मुलंही हा खेळ खेळतात, त्यावर तासन्‌तास बोलतात. शाप आधीच्या कोणाकडे होता, जस्टिनियन सम्राटाच्या काळातल्या साथीशी त्याचा संबंध काय, याचे धागे ती जुळवतात. ही कल्पनारम्य कथा आहे. तिच्याकडून कोणी वैद्यकशास्त्राची अपेक्षा करू नये. पण प्लेगभोवती माणसांनी शतकानुशतकं ज्या समजुती विणल्या, त्या तिच्यात जवळपास सगळ्या आल्या आहेत. म्हणून मराठवाड्यात बसून ती वाचायला हवी. या समजुतींतलं काय निरीक्षणातून आलं आणि काय भीतीतून, हे निवडून पाहण्यासाठी आपल्या हाताशी मामला आहे, मुंबई आहे, पुणं आहे.

पहिली समजूत जमिनीची. २५ जानेवारी १३४८ रोजी आल्प्सच्या दक्षिण भागात मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी युरोपभर प्लेग पसरत गेला. कोनराड फॉन मेगेनबेर्ग या जर्मन विद्वानानं मांडलं, की भूकंपानं पृथ्वीच्या पोटातली विषारी वाफ बाहेर आली आणि माणसं मेली. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यांनी शनी, गुरू आणि मंगळ यांच्या १३४५च्या युतीला दोष दिला. गेममध्ये जमीन फाटून उंदीर वर येतात, त्यामागे ही जुनी भीती उभी आहे. ही भीती आपल्याला परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. वर्षही उलटलं नव्हतं, तोच शेजारच्या बीडमध्ये उंदीर पडले. भूकंपाचा आणि प्लेगचा संबंध लोकांनी लगेच जोडला, आणि या वेळी तो अभ्यासकांनाही विचारात घ्यावा लागला.

त्यांनी तो जोडला तो दाण्यांच्या आणि बिळांच्या हिशेबानं. भूकंपाच्या धास्तीनं माणसं घराबाहेर राहू लागली. पडकी, मोकळी घरं आणि त्यांत साठवलेलं धान्य उंदरांना मिळालं. शिवाय रानातल्या उंदरांची बिळं हलली आणि ते घरच्या उंदरांच्या संपर्कात आले असावेत, अशी मांडणी तेव्हा झाली. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर ज्यानं पाहिलंय, त्याला यातलं धान्य आणि घूस-उंदीर समजावून सांगावे लागत नाहीत. दगड-मातीच्या हात-दोन हात रुंद भिंती, भिंतीतच केलेलं ज्वारीचं बळद, ओसरीला शेणानं लिंपलेली कणगी, अंगणात पेव. भिंतीत दगडांच्या मध्ये माती, आणि मातीत बिळं. माणूस आणि उंदीर एकाच दाण्यावर एकाच भिंतीत राहतात. भूकंपानं माणूस बाहेर काढला. उंदीर आणि दाणे आत राहिले. मेगेनबेर्गच्या विषारी वाफेत आणि या मांडणीत मूळ निरीक्षण एकच आहे, जमीन हलल्यावर रोग आला. फरक एवढाच, की दुसऱ्या मांडणीची भिंत उकरून तपासणी करता येते.

दुसरी समजूत उंदराची, आणि इथे गेमनं सत्य पार उलटं केलं आहे. पडद्यावर भीती वाटते ती जिवंत, धावणाऱ्या उंदरांची. गावात धोका असतो मेलेल्या उंदरापाशी. प्लेगचा जंतू उंदरालाही मारतो. उंदराच्या अंगावरची पिसू थंड पडलेलं शरीर सोडते आणि नवं ऊबदार अंग शोधते. जंतूंच्या गोळ्यानं तिच्या पोटाची वाट बुजलेली असते. रक्त पोटात उतरत नाही, म्हणून ती उपाशीच राहते, पुन:पुन्हा चावते, आणि दर चाव्याबरोबर घशातलं जंतूभरलं रक्त माणसाच्या जखमेत परत ओकते.

हे ज्ञान फार जुनं नाही, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. अलेक्झांडर यरसँ यानं १८९४ साली हाँगकाँगमध्ये जंतू शोधला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यानं कराचीत पिसवेचा संबंध प्रयोगानं दाखवला, पण त्याच्यावर बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला नाही. मग १९०५पासून प्लेग संशोधन आयोगानं मुंबईत काम केलं. प्लेगग्रस्त घरांत गिनिपिगांचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे पिसू आत शिरणार नाही इतक्या बारीक जाळीचे, काही उघडे. हवा तीच, जमीन तीच, घर तेच. बारीक जाळीतले प्राणी वाचले, उघड्या पिंजऱ्यांतले प्लेगनं मेले. ग्रह, दूषित हवा, शापित रक्त या साऱ्यांचा निकाल त्या जाळीनं लावला.

पण आयोगाच्या आधीपासून खेड्यांना एक गोष्ट ठाऊक होती. उंदीर पडले की गाव सोडायचं. प्लेगच्या वर्षांत महाराष्ट्रात आणि निजामाच्या मुलखात गावंच्या गावं रानात झोपड्या घालून राहिली. लेकरं, गुरं, जात्याचा दगडसुद्धा घेऊन माणसं मळ्यात गेली आणि उंदीर पडायचे थांबले तेव्हाच परतली. घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी या झोपड्यांच्या आठवणी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या. पिसवेचं नाव त्यांत नव्हतं. तरी पिसवेपासून दूर जाण्याची रीत त्यांनी अचूक धरली होती. मला ही रीत लोकज्ञानाचा अव्वल नमुना वाटते. तिच्यात दोषी कोणी नाही, शाप नाही. काय दिसलं आणि मग काय करायचं, एवढंच आहे.

याच लोकमनानं दुसरी रीतही घडवली, आणि तीही तितक्याच स्वच्छ नजरेनं पाहायला हवी. साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा. पूजा, नैवेद्य, कोंबडं-बकरं करून गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडून यायचं. त्यातली भक्ती खरी होती, धीर मिळायचा तोही खरा होता. पण शिवेपलीकडे दुसरं गाव असतं. आपल्या गावातून गेलेली साथ कुणाच्या तरी दारात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. त्या गावानं तो गाडा आणखी पुढच्या शिवेवर नेला, तर त्याला दोष कोण देणार? साथीच्या काळातलं माणसाचं वागणं या रिवाजात जितकं उघडं पडतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

युरोपनं गाडा काढला नाही, माणसं काढली. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं असा आरोप झाला, आणि फेब्रुवारी १३४९मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं गेलं. पोप क्लेमेंट सहावा यानं ज्यूही प्लेगनं मरताहेत हे दाखवून आरोप खोटा ठरवला होता. त्याचं ऐकलं गेलं नाही. प्लेग टेलची गोष्ट या हत्याकांडावर उभी नाही, पण ह्यूगोचा पाठलाग त्याच मनोवृत्तीतून येतो. रोगाला एक चेहरा द्यायचा आणि मग त्या चेहऱ्यामागे लागायचं.

पुण्यात हे काम सरकारनं केलं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला, आणि वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीनं गोऱ्या सोजिरांकरवी घरं झडती घेऊन धुंडाळली. माजघरात, देवघरात सोजिर शिरले, रोगी आणि निरोगी माणसं ओढून छावणीत नेली. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. उपाय ज्यांच्यासाठी करायचा त्यांनाच संशयित ठरवलं, की लोक रोग लपवतात आणि साथ वाढते. त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले यांनी नेमकं उलटं केलं. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या. त्यातून त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सगळे ज्याला शिवेबाहेर लोटत होते त्याला त्यांनी पाठीवर घेतलं.

अमिशियाचं मोठेपणही इथेच आहे. सगळं जग भावाला शाप म्हणतं, ती त्याचा हात सोडत नाही. हा या खेळाचा गाभा आहे आणि तो मनाला भिडतो. म्हणूनच ‘रेक्विएम’चा शेवट मला मान्य नाही. तिथे ह्यूगो मॅक्युलाच्या पूर्ण कह्यात जातो, आणि त्याला मारल्याशिवाय साथ थांबत नाही. करुण रसाच्या अंगानं तो शेवट प्रभावी असेल. पण त्यातून पाठलाग करणारेच अखेर बरोबर ठरतात. रोग माणसात आहे, माणूस संपवा म्हणजे रोग संपेल, ही स्ट्रासबुर्गची समजूत मागच्या दारानं आत येते. दोन भाग प्रेमाची बाजू लढवून गोष्ट शापाच्या पदरात निकाल टाकते.

१९९४चा आपला अनुभव याच्या विरोधात साक्ष देतो. २० सप्टेंबरच्या सुमारास सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून घबराट कैक पटींनी वाढली. काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून निघाले. बीडच्या भागातून कामाला गेलेल्यांनी रोग सुरतेत नेला, असं म्हटलं गेलं. सुरतेहून येणाऱ्या गाड्यांकडे स्टेशनांवर संशयानं पाहिलं गेलं, अनेक देशांनी भारताकडची विमानं आणि माल रोखला. प्रत्येक जण आपल्या शिवेपासून गाडा पुढे ढकलत होता. रोग आवरला तो टेट्रासायक्लीननं, कीटकनाशकाच्या फवारणीनं, रुग्ण शोधून केलेल्या उपचारानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे देशात ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले. हा प्लेग होता की दुसरंच काही, यावर वादही झाला; पुढे सुरत आणि बीड भागांतल्या नमुन्यांतून वेगळे केलेले जंतू यर्सिनिया पेस्टिस असल्याचं जनुकीय तपासणीनं सिद्ध झालं. सुरतेत पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा आणि सांडपाण्याची व्यवस्था बदलली, शहराचा कायापालट केला. त्यासाठी कोणाला बळी द्यावं लागलं नाही.

गेममधला एक धागा मात्र खरा निघाला आहे. जस्टिनियनच्या काळातली, ५४१ साली सुरू झालेली साथ आणि १३४८ची साथ यांचं मूळ एकच असल्याचं कथा सांगते. जुन्या दफनांमधल्या दातांतून काढलेल्या डीएनएनं तेच दाखवलं आहे. दोन्ही वेळा जंतू हाच होता. किरगिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ १३३८-३९ सालच्या कबरी आहेत. त्यांतल्या काही शिळांवर मरणाचं कारण म्हणून साथ असं कोरलेलं आहे. २०२२मध्ये त्या कबरींतल्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडला. शिळा कोरणाऱ्यानं कोणाला दोष दिला नाही. साल लिहिलं, कारण लिहिलं. जवळपास सात शतकांनी त्या दोन गोष्टी शास्त्राच्या कामी आल्या.

म्हणून या समजुती टाकून देऊ नका, त्या निवडून घ्या. काय दिसलं ते सांगणारा भाग जपा. कोणामुळे झालं ते सांगणारा भाग पुराव्याशिवाय मानू नका. बीडच्या तरुण मुलांना माझी विनंती आहे. हा खेळ जरूर खेळा, आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून प्लेगच्या झोपड्यांच्या आठवणी, मामल्याच्या आसपास असाल तर १९९४च्या त्या ऑगस्टच्या आठवणी, टिपून घ्या. तुमच्यापैकी कोणी उद्या असा खेळ रचणार असेल, तर त्याला माळवद, बळद आणि मरीआईच्या गाड्यापेक्षा दुसरा मालमसाला शोधावा लागणार नाही. त्यातल्या आजारी लेकराला मात्र शेवटी जगू द्या. आणि कुठल्याही गावात उंदीर अचानक मरून पडू लागले, पिसवा वाढल्या, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. प्लेगवर आज औषध आहे, आणि वेळेत मिळालं तर त्यानं माणूस वाचतो.