सहाव्या क्रमांकाचा खेळाडू

शिष्याच्या यशाने गुरूला धन्यता वाटावी, हा विचार आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेला असतो. परंतु त्या यशात गुरूचा वाटा नेमका किती, हे आपण सहसा विचारीत नाही. तसे विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. तरीही तो प्रश्न टाळू नये. शिक्षकी पेशातील बराचसा दंभ, आणि बराचसा मोठेपणाही, त्याच प्रश्नाच्या आड उभा असतो.

या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार आठवतात ते डिक गूल्ड. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुरुष टेनिस संघाचे ते १९६६ पासून २००४ पर्यंत, म्हणजे तब्बल अडतीस वर्षे, प्रशिक्षक होते. ते त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व तेथील संघाचे माजी खेळाडू. त्यांनी पदभार स्वीकारला तेव्हा तेथील महाविद्यालयीन टेनिसवर लॉस एंजेलिस शहरातील दोन विद्यापीठांची जणू मक्तेदारी होती. पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी गूल्ड यांना १९७३ सालापर्यंत थांबावे लागले. पुढे मात्र ओघ थांबला नाही. २००० सालापर्यंत त्यांच्या संघाने सतरा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि त्यांच्या दहा खेळाडूंनी महाविद्यालयीन एकेरीचे अजिंक्यपद पटकावले. ज्या स्पर्धेत २००७ व २००८ साली आपल्या सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठातर्फे लागोपाठ दोनदा एकेरीचे विजेतेपद मिळवले, तीच ही स्पर्धा.

आता शंकेखोराच्या भूमिकेतून या कारकिर्दीकडे पाहू. जॉन मॅकेन्रो १९७७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, पात्रता फेरीपासून खेळत विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि त्यानंतर स्टॅनफर्डमध्ये दाखल झाला. १९७८ साली त्याने एकेरीचे महाविद्यालयीन अजिंक्यपद जिंकले, संघानेही जिंकले, आणि एका वर्षातच विद्यापीठ सोडून तो व्यावसायिक खेळाडू झाला. अशा मुलाला प्रशिक्षकाने काय शिकवले म्हणायचे? जग जिंकायला निघालेल्या माणसाने वाटेत एका धर्मशाळेत मुक्काम केला, तर त्या विजयाचे श्रेय धर्मशाळेने घ्यावे काय? शिवाय यश यशाला ओढून आणते. जो संघ जिंकतो त्याच्याकडे देशातील उत्तम मुले येतात, आणि उत्तम मुले आली की संघ पुन्हा जिंकतो. नव्वद टक्के गुण मिळवणाऱ्यांनाच प्रवेश देऊन पुढे त्यांची छायाचित्रे जाहिरातीत छापणारे शिकवणी वर्ग आपल्या परिचयाचे आहेतच.

ही शंका निराधार नाही, आणि तारांकित नावांच्या यादीवरून ती फिटतही नाही. उलट यादी जितकी लांब, तितकी शंका बळावते. म्हणून गूल्ड यांच्या कार्याचे मोल मॅकेन्रोकडे पाहून करू नये, असे माझे मत आहे. ते कोठे शोधावे हे समजण्यासाठी या खेळाची थोडी रचना ध्यानात घ्यावी लागेल.

टेनिस हा मुळात एकट्याचा खेळ. जाळीच्या अलीकडे आपण, पलीकडे प्रतिस्पर्धी. पराभवाचा वाटेकरी कोणी नाही. महाविद्यालयीन टेनिसमध्ये मात्र संघ असतो. एकेरीच्या सहा लढती होतात, खेळाडूंच्या गुणवत्तेप्रमाणे पहिल्या क्रमांकापासून सहाव्यापर्यंत, आणि त्यांना दुहेरीची जोड असते. १९७७ पूर्वी राष्ट्रीय संघविजेता ठरत असे तो वैयक्तिक स्पर्धेत खेळाडूंनी मिळवलेल्या गुणांच्या बेरजेवर. दोन-तीन असामान्य खेळाडू संघाला तारून नेऊ शकत. १९७७ पासून संघ समोरासमोर लढू लागले. आता पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने, मग तो भावी विम्बल्डन विजेता का असेना, मिळवलेला गुण एकच. आणि कोपऱ्यातील मैदानावर, जेथे फारसे प्रेक्षक फिरकत नाहीत, तेथे सहाव्या क्रमांकाच्या मुलाने मिळवलेला गुणही एकच. या नव्या पद्धतीचे पहिले अजिंक्यपद स्टॅनफर्डनेच मिळवले, आणि सतरापैकी पंधरा याच पद्धतीने मिळवली.

मला हा आकडा फार बोलका वाटतो. पहिल्या क्रमांकाचा मुलगा कदाचित घडून आलेला असेल. सहाव्या क्रमांकाच्या मुलाचे नाव उद्या वृत्तपत्रात येणार नाही, त्यातून पैसा मिळणार नाही, त्याचा खेळ महाविद्यालयाबरोबरच संपण्याचा संभव अधिक. त्याने पहाटे उठून पहिल्याइतक्याच निष्ठेने सराव करावा, हे केवळ कौशल्य शिकवून होत नाही. आपल्या असण्याने काही फरक पडतो, याची खात्री त्याला कोणीतरी द्यावी लागते; आणि ती शब्दांनी देऊन भागत नाही, वेळ देऊन द्यावी लागते. प्रशिक्षकाजवळ खरी वाटण्यासारखी वस्तू तीच असते. तारांकित खेळाडूला ती देण्याचा मोह किती प्रबळ असेल, हे वर्गात पहिल्या बाकाकडे पाहून शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला सांगायला नको.

१९९८ सालची गोष्ट यासंदर्भात पाहावी. त्या वर्षी स्टॅनफर्डचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. त्यानंतर एकेरीच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले ते दोघेही स्टॅनफर्डचेच: बॉब ब्रायन आणि पॉल गोल्डस्टीन. ब्रायन दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. दुहेरीचे विजेतेपदही त्याने जुळा भाऊ माइक याच्यासह त्याच वर्षी मिळवले. गोल्डस्टीन चौथ्या वर्षाचा. विद्यापीठातील चारही वर्षे त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले होते, वैयक्तिक मुकुट तेवढा राहिला होता. ब्रायन जिंकला. त्या दिवशी प्रशिक्षकाने कोणाच्या विजयाची इच्छा करावी? दोघांचे हित एकाच वेळी इच्छिणे, आणि दोघांपैकी एकाच्या दुःखाला आपण काही औषध देऊ शकत नाही हे स्वीकारणे, यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. असे प्रसंग आईबापांवरही येतात, दोन भावंडे एकाच परीक्षेला बसली की.

ब्रायन बंधू त्याच वर्षी विद्यापीठ सोडून गेले आणि पुढे दुहेरीतील जगातील सर्वांत यशस्वी जोडी ठरले. गोल्डस्टीनही व्यावसायिक टेनिस खेळला, पण त्या उंचीवर पोहोचला नाही. २०१४ साली तो स्टॅनफर्डला परतला, तो प्रशिक्षक म्हणून. त्याच्याआधी गूल्ड यांची जागा घेतली होती जॉन व्हिटलिंजर यांनी. तेही गूल्ड यांचेच शिष्य, १९७४ चे एकेरी विजेते. जे सर्वांत उंच गेले ते दूर गेले, आणि जे परतले त्यांनी गुरूचेच काम हाती घेतले. गूल्ड यांच्यानंतरच्या दोन दशकांत स्टॅनफर्डच्या पुरुष संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद लाभले नाही. याला काळ बदलल्याचे, परदेशी खेळाडूंचा ओघ वाढल्याचे कारण देता येईल. ते खोटेही नाही. पण शंकेखोराला त्यातून उत्तर मिळते. नुसती मुले गोळा करून जिंकता आले असते, तर त्याच नामांकित विद्यापीठात ते पुढेही चालू राहिले असते.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. संघात मुले सहापेक्षा अधिक असतात. गूल्ड यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात नियमाप्रमाणे पुरुष टेनिस संघाला एकंदर साडेचारच शिष्यवृत्त्या देता येत, त्या मुलांमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला काहीच नाही. सहाव्याचा गुण निदान पहिल्याच्या गुणाइतका मोजला जातो. सातव्याचा गुणच नसतो. तो दररोज सरावाला येतो, सहाव्याला तयार करण्यासाठी त्याच्याशी खेळतो, आणि सामन्याच्या दिवशी कठड्याबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. त्याच्या परिश्रमांतून दुसऱ्यांची अजिंक्यपदे उभी राहतात. प्रशिक्षक त्याला न्याय देऊ शकत नाही, कारण जागाच सहा आहेत. आणि त्याला खोटी आशा दाखवणे हा तर अन्यायच. मग त्याचे प्रशिक्षकाकडे काय घेणे लागते? आपल्या शाळांतील, आपल्या घरांतील सातव्या क्रमांकाच्या मुलांकडे पाहताना हा प्रश्न मला अधिकच अस्वस्थ करतो. तो मुलगा चौथ्या वर्षीही सरावाला येत असेल, तर कशाच्या बळावर येत असेल?