बेतशीर, आणि जिवावर बेतणारे

स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरची डाव्या अंगाची खिटी अंगठ्याने पुढे सरकवली, की सहा घरांचे सिलिंडर बाजूला बाहेर येते. नळीचे तोंड वर करायचे आणि सिलिंडरच्या पुढचा बारीक दांडा तळहाताने खाली दाबायचा. आतली चांदणीसारखी पट्टी उचलली जाते आणि साऱ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम खाली पडतात. निदान पडायला हव्यात. नळी दोन इंचांची असेल, तर एखादी पुंगळी घराच्या काठाशी अडकते आणि नखाने ओढून काढावी लागते. नळी तीन इंचांची असेल, तर असे सहसा होत नाही.

याचे कारण साधे आहे. हा दांडा नळीच्या पोटाशी राहतो, त्यामुळे त्याची लांबी नळीच्या लांबीने बांधलेली असते. .३८ स्पेशल काडतुसाची पुंगळी सुमारे २९ मिलिमीटर लांब असते. आखूड नळीखालचा दांडा तेवढे अंतर सरकूच शकत नाही. नळी तीन इंचांची, म्हणजे ७६ मिलिमीटरची केली, की पूर्ण लांबीचा दांडा बसतो आणि सारी पुंगळी बाहेर ढकलली जाते. अमेरिकेतल्या हातबंदुकांच्या शौकिनांना तीन इंची रिव्हॉल्व्हरचे एवढे वेड का, या प्रश्नाचे उत्तर मला या दांड्यापासून सुरू करावेसे वाटते. मापातला एक इंच वाढला आणि अडलेले काम सुटले. ज्याला हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची आवड आहे, त्याला यातला आनंद समजावून सांगावा लागत नाही.

हा इंच दोन टोकांच्या ओढाताणीतून आला. १८९९ साली स्मिथ अँड वेसनने .३८ स्पेशलचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ रिव्हॉल्व्हर काढले आणि विसाव्या शतकात चार इंची नळी ही गणवेशातल्या अमेरिकन पोलिसाच्या कमरेची ओळख बनली. उघड्या म्यानात ती शोभते. साध्या कपड्यांतल्या माणसाला मात्र ती जड जाते. तो खुर्चीत बसला की नळी टोचते, कोटाखाली तिचा आकार दिसतो. म्हणून कोल्टने १९२७ साली ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणले. त्यात सहा गोळ्या होत्या आणि नळी दोन इंचांची. १९५० साली स्मिथ अँड वेसनचे ‘चीफ्स स्पेशल’ आले. ते आणखी लहान, पाच गोळ्यांचे. लपवण्याचा प्रश्न सुटला, पण त्याची किंमत मोजावी लागली. पुढची माशी आणि मागची खाच जवळ आल्याने नेमातली छोटी चूकही मोठी होते. नळी आखूड असल्याने गोळीचा वेग घटतो, तोंडाशी जाळ जास्त होतो, हलके हत्यार हातात जोराने उसळते. आणि पुंगळ्या अडकतात.

तीन इंचांची नळी या दोन्ही टोकांना थोडे थोडे देते आणि दोन्हींकडून बरेचसे घेते. या गुणाला मराठीत नेमका शब्द आहे: बेतशीर. शिंपी कापड बेततो, तेव्हा तो फक्त लांबी मोजत नाही. अंगाचा घेर, वावरण्याची सवय, शिवणीत जाणारे कापड, सगळे धरून कात्री लावतो. बेतशीर वस्तूत काही कमी करता येत नाही आणि वाढवले तर ते खुपते. तडजोड म्हटले की काहीतरी सोडून दिल्याची चुटपुट आपल्या मनात येते. चांगला कारागीर मात्र तडजोडीतूनच वस्तूला तिचे स्वतःचे रूप देतो.

या रूपाचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे १९८०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने वापरलेले ‘मॉडेल १३’. तीन इंचांची जाड नळी, गोलसर मूठ, वर पक्की बसवलेली माशी आणि चौकटीच्या माथ्यावर कोरलेली खाच. कपड्यात अडकेल असे काही नाही. ते .३५७ मॅग्नमसाठी घडवलेले होते, पण एजंट त्यात .३८ स्पेशलचे जादा दाबाचे, १५८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीचे काडतूस भरत. म्हणजे हत्याराची ताकद जास्त आणि त्यातून घ्यायचे काम थोडे कमी. चाप ओढायला चार-पाच किलोंचा जोर लागतो. त्या एकाच लांब ओढीत सिलिंडर एक घर फिरते, जागेवर पक्के होते, घोडा मागे जातो आणि सुटतो. जाड नळीचे वजन पुढे असल्याने ती ओढ चालू असताना तोंड फारसे डळमळत नाही. जुन्या मॉडेल १३ साठी शौकीन आजही चांगले पैसे मोजतात, ते अशा गुणांसाठी.

पण त्याच दशकाने रिव्हॉल्व्हरची मर्यादाही दाखवली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले आणि दोन्ही दरोडेखोर मारले गेले. एका एजंटच्या हाताला गोळी लागली होती, त्याला रिकामे रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. रिव्हॉल्व्हर रिकामे करून भरणे सोपे व्हावे म्हणून तो इंच वाढवला होता, पण तेच काम जखमी हाताला झेपले नाही. चकमकीचा शेवट करणाऱ्या गोळ्या रिव्हॉल्व्हरमधूनच सुटल्या. एक हात निकामी झालेल्या दुसऱ्या एजंटने त्या झाडल्या. तरी धडा स्पष्ट होता. एफबीआय अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळली, बाकीचे पोलीसही वळले. १९९०चे दशक सरता सरता मॉडेल १३ चे उत्पादन थांबले.

कामावरून निवृत्त झालेले माप आवडीत मात्र टिकले, एवढेच नव्हे तर परतले. चापाच्या एकाच ओढीत चालणारी रिव्हॉल्व्हरे बनवणे सोडून दिलेल्या कोल्टने २०१७ मध्ये ‘कोब्रा’ आणि २०१९ मध्ये तीन इंची ‘किंग कोब्रा’ बाजारात आणले. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये जुने ‘मॉडेल १९’ तीन इंची नळीसह पुन्हा काढले. पंधरा-सतरा गोळ्यांची हलकी पिस्तुले सर्वत्र मिळत असताना हे घडले. यामागे फक्त स्मरणरंजन आहे, असे मला वाटत नाही. प्लास्टिकच्या चौकटीचे पिस्तूल आपले काम पोटात लपवते. रिव्हॉल्व्हर ते डोळ्यांसमोर करते. फिरणारे सिलिंडर दिसते, मागे जाणारा घोडा दिसतो, भरलेली आणि रिकामी घरे मोजता येतात. हाताला आणि डोळ्याला समजणारे यंत्र माणसाला जवळचे वाटते. घरातला जुना पितळी अडकित्ता आपण उगीच उघडून मिटून पाहतो, त्याचा खिळा किती बेताने बसला आहे हे बोटांना कळते. रिव्हॉल्व्हरची ओढ त्याच जातीची आहे.

इथे थांबलो, तर मात्र हा लेख अप्रामाणिक होईल. अडकित्ता सुपारी फोडण्यासाठी असतो. ज्या तीन इंचांचे मी कौतुक केले, त्यातला प्रत्येक मिलिमीटर माणसाच्या शरीराच्या हिशोबाने ठरला आहे: एका शरीरावर तो लपला पाहिजे आणि दुसऱ्या शरीरात गोळी पोचली पाहिजे. ‘बेतणे’ याच क्रियापदाचा आणखी एक प्रयोग आपल्या भाषेत आहे. संकट जिवावर बेतते. बेतशीर आणि जिवावर बेतणारे, ही दोन्ही विशेषणे या वस्तूला एकाच वेळी लागू आहेत आणि त्यातले एक खोडून दुसरे ठेवता येत नाही.

कॅनडाच्या कायद्याने हे ओळखले. १९९०च्या दशकातल्या कायद्याने १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीच्या हातबंदुका, थोडे अपवाद वगळता, निषिद्ध वर्गात टाकल्या. शौकीन ज्या मापात तोल पाहतो, त्याच मापात कायद्याने खिशात लपणारा धोका पाहिला. दोघेही एकच मोजपट्टी वापरत होते आणि दोघांचेही मोजमाप बरोबर होते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, २६,३२८, आत्महत्या होत्या. घरात हातबंदूक असणे आणि आत्महत्येचा धोका वाढणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. अंधाऱ्या गल्लीतल्या हल्लेखोरासाठी घेतलेले हत्यार घरातल्याच एखाद्या वाईट रात्री सर्वांत सहज हाताशी असते.

हेच माप आपल्याकडेही आले आहे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीतल्या २०१२च्या अत्याचारानंतर ते स्त्रियांच्या संरक्षणाचे साधन म्हणून पुढे आले. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याची नळी ७६ मिलिमीटरची आणि सिलिंडर बाजूला उघडणारे. इथे मला काळजी वाटते. अमेरिकेतल्या शौकिनाला निदान त्या इंचामागची शंभर वर्षांची हिशोबवही पाठ असते, सराव, नेम आणि अपघात यांच्यासकट. आपल्याकडे तेच माप पर्समध्ये मावते म्हणून, एक आश्वासन म्हणून विकले गेले. स्त्रीला सुरक्षित रस्ता, दिवे, वेळेवर येणारी बस आणि तक्रार लिहून घेणारे पोलीस ठाणे देणे हे समाजाचे काम आहे. ते काम सव्वा लाखाच्या वस्तूत घालून तिच्या हाती सोपवणे हा बेत चुकलेला आहे.

शस्त्राचा शौक म्हणजे हिंसेची आवड, असे मी मानत नाही. या छंदाचे जाणकार एखाद्या खाचेच्या खोलीवर जेवढा जीव लावतात, तेवढा पुष्कळ लोक आपल्या व्यवसायावरही लावत नाहीत. पण ‘हे निव्वळ सुंदर यंत्र आहे’ हा बचावही मला मान्य नाही. ज्या रसिकतेला वस्तूचा उपयोग विसरावा लागतो, ती वस्तूला अर्धीच ओळखते.

जाणत्या नेमबाजांत एक रीत आहे. रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच्या हाती देताना सिलिंडर उघडून द्यायचे. घेणाऱ्याला सहाही घरे दिसतात आणि त्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. मग त्याने ते कितीही वेळ न्याहाळावे, दांडा दाबून पाहावा, माप वाखाणावे. कौतुक करायला बसण्याआधी घरे मोजायची, ही त्या छंदाची सर्वांत चांगली शिकवण आहे. ज्या समाजाला हे हत्यार हवे आहे, त्यानेही आधी तेवढे करावे.