न मागितलेली आयडिया



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

दानाचे तीन प्रकार इथे भगवंत सांगतात. देणं आपलं कर्तव्य आहे म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलं ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, किंवा घेणाऱ्याचा मान न राखता दिलं ते तामस.

दान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पैसा, अन्न, वस्त्र येतं. पण आपण शहरातली नोकरदार मंडळी रोज सगळ्यात जास्त काय वाटत फिरतो? सल्ला, सूचना आणि आमच्या क्षेत्रातला लाडका शब्द, आयडिया. आज वाचताना मनात आलं, की हे तीन श्लोक तिलाही लावून बघावेत. कारण एक तक्रार मी नेहमी ऐकतो, खास करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींकडून: "मी इतकी चांगली कल्पना सांगितली, सरांनी नीट ऐकूनसुद्धा घेतली नाही. सीनियर लोकांना इगो असतो." असतो, काहींना नक्कीच असतो. पण ज्यांना तो फारसा नाही, अशी शांत, मायाळू माणसंसुद्धा न मागितलेल्या आयडियेने सहसा हरखून जात नाहीत. असं का?

एक उदाहरण घेऊ. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कळलं, की आषाढीच्या आसपास कोणी ना कोणी मला गाठतंच. "पंढरपूरच्या रांगेसाठी एक ॲप का नाही करत? टोकन द्यायचं, वेळ आली की जायचं, लोकांना तासन्‌तास उभं राहायला नको." सांगणाऱ्याच्या मनात वारकऱ्यांबद्दल खरी कळकळ असते. (ऑनलाइन पासची सोय कित्येक देवस्थानांत आहेच, हे त्याच्या गावी नसतं, ते सोडून द्या.) पण ज्याने वर्षानुवर्षं रांगेच्या व्यवस्थेत सेवा केली आहे, त्याला ही कल्पना कशी ऐकू येत असेल? त्याच्या डोक्यात लगेच एक हिशोब सुरू होतो. पायांवर डोकं ठेवायला एका माणसाला समजा दोन सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला ३०, तासाला १,८००. मंदिर चोवीस तास उघडं ठेवलं तरी दिवसाला ४३,२००. आषाढीला येतात ते लाखांनी. ॲपने गाभाऱ्याचं दार रुंद होत नाही. रांग फक्त रस्त्यावरून उठून फोनमध्ये जाऊन बसते.

आता, रांग फोनमध्ये गेली तर पावसात उभं राहणं वाचेल, हा फायदा लहान नाही. मग पुढचे प्रश्न. दिंडी उशिरा पोचली आणि टोकनची वेळ टळली तर? वीस-बावीस दिवस चालून आलेल्या आजीकडे साधा फोन असेल तर? टोकन घेऊन जे आलेच नाहीत त्यांच्या जागी कोणाला सोडायचं, आणि ते ठरवायचं कोणी? अनुभवी माणसाच्या मनात हे सगळं तुमचं वाक्य संपायच्या आत येऊन गेलेलं असतं. तुम्ही ती कल्पना पहिल्यांदा उच्चारताय, त्याने ती विसाव्यांदा ऐकली आहे, आणि कुठे अडते हेही त्याला माहीत आहे. तो फक्त "हं, बघू" म्हणतो. आपल्याला ते थंड वाटतं.

इथे माझ्या मते खरी मेख आहे. आयडिया देणाऱ्याला वाटतं, मी काहीतरी दिलं. ज्याला दिली त्याच्या हातात मात्र काम पडतं. ती तपासायची, आधी कोणी करून पाहिली का ते शोधायचं, आत्ताची व्यवस्था अशी का आहे हे समजावून सांगायचं आणि शेवटी नाही म्हणायचं असेल तर मन न दुखावता म्हणायचं. दोन मिनिटांच्या सूचनेमागे चार तास जातात. म्हणजे व्यवहार बघितला तर मी दान देत नसून मागतोय: त्याचा वेळ, त्याचं लक्ष, आणि बऱ्याचदा त्याची शाबासकीसुद्धा. मागण्यात काही कमीपणा नाही. पण मागणी दानाचे कपडे घालून आली की समोरच्याची पंचाईत होते, कारण दान नाकारलं तर तो उद्धट ठरतो. "एवढं सुचवलं, साधं थँक्यूही नाही" असं मनात आलं, की समजावं, आपलं देणं एकविसाव्या श्लोकात जाऊन बसलं.

बाविसावा श्लोक त्याहून टोचतो. घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला कमी लेखून दिलेलं. आपण तर किती नम्रपणे सांगतो! पण "तुम्ही हे असं का नाही करत?" या साध्या वाक्यात एक न बोललेलं वाक्य दडलेलं असतं: पंधरा वर्षं तुम्ही हे करताय आणि तुम्हाला हे सुचलं नाही, मला पाच मिनिटांत सुचलं. समोरच्याला ते ऐकू येतं. तेच वाक्य "हे असंच का ठेवलंय, मला समजून घ्यायचंय" असं म्हटलं, तर तोच माणूस खुर्ची पुढे ओढून तासभर बोलतो.

गीतेची सुरुवातच बघा ना. ज्ञान देणारे साक्षात भगवान, ऐकणारा जिवलग मित्र. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते अर्जुनाला दोन श्लोकांत चांगलं खडसावतात, पण तत्त्वज्ञान सांगत नाहीत. सातव्या श्लोकात अर्जुन शिष्य म्हणून शरण येतो, विचारतो, आणि अकराव्यापासून उपदेश सुरू होतो. ज्यांच्याकडे सगळी उत्तरं होती तेही विचारलं जाईपर्यंत थांबले.

पण मग ज्याला कोणी विचारणारच नाही, त्याने काय करायचं? हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो, कारण तज्ज्ञांचे दरवाजे कधीकधी फार घट्ट लागतात. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं, की वर्तुळाचा चौरस करण्याच्या रीती आणि अखंड चालणारी यंत्रं यापुढे तपासायचीच नाहीत. १९०८ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयासाठी एक लाख मार्कांचं वोल्फस्केल बक्षीस जाहीर झालं, आणि पहिल्याच वर्षी ६२१ 'सिद्धता' येऊन पडल्या. ग्यॉटिंगेनच्या एडमंड लांडाऊंनी तर कार्डच छापून घेतली होती: पहिली चूक अमुक पानावर, अमुक ओळीत. आकडे विद्यार्थ्यांनी भरायचे. वाचून हसू येतं, थोडं वाईटही वाटतं. पण लांडाऊंना मी दोष देणार नाही. ६२१ वेळा फसलेलं कोणीही सावध होईल.

आणि याच काळात, १६ जानेवारी १९१३ ला, मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं. ओळख नाही, पदवी नाही, कोणी मागितलेलं नाही. रामानुजन यांनी त्याआधी केंब्रिजमधल्याच आणखी दोन नामवंत गणितज्ञांना लिहिलं होतं. तिथून काही मदत मिळाली नव्हती. हार्डींनाही आधी हा लबाडीचा प्रकार वाटला. मग त्यांनी लिटलवुडना बोलावलं आणि दोघं त्या कागदांवर एक संध्याकाळ बसले.

त्या पत्रात होतं काय, हे बघण्यासारखं आहे. "गणितात अमुक केलं तर किती छान होईल" असं काही नव्हतं. पानंच्या पानं सूत्रं होती, म्हणजे वर्षानुवर्षांच्या कामाचं फळ. काही आधीच माहीत असलेली, मूळसंख्यांबद्दलची काही चुकीची, आणि काही अशी, की हार्डींसारखा माणूस थक्क झाला. म्हणजे जे पाठवलं ते तपासता येत होतं. शिवाय रामानुजन यांनी आपण देतोय असा आव आणला नव्हता. मी गरीब आहे, अननुभवी आहे, मला सल्ला हवा आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. मागणी होती ती मागणी म्हणूनच आली, आणि सोबत स्वतःचं काम घेऊन आली.

आमच्या क्षेत्रातही हीच रीत आहे. पायथॉन भाषेत मोठा बदल सुचवायचा असेल तर 'पेप' नावाचा रीतसर दस्तऐवज लिहावा लागतो. तो शेवटपर्यंत नेणारा एक माणूस लागतो, आणि विचार करून सोडून दिलेल्या पर्यायांसाठी त्यात वेगळा भाग असतो. मला तो भाग सगळ्यात आवडतो. काय काय चालणार नाही हे ज्याने स्वतः आधी शोधलंय, त्याने समोरच्याचे ते चार तास स्वतःच्या खिशातून भरले आहेत. देश, काळ, पात्र यांचा विचार म्हणजे आणखी काय असतो?

आता दुसरी बाजू. आपल्यापैकी बरेच जण तिशीत आहेत, टीममध्ये आता आपणच 'सीनियर'. आपल्याकडेही न मागितलेलं येतं आणि आपणही "हं, बघू" म्हणतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण हार्डींसमोरचा तो गठ्ठा बाहेरून बाकीच्या ६२१ सारखाच दिसत होता. वेगळेपण कळायला आत बघावं लागलं, आणि त्यासाठी एक संध्याकाळ खर्ची पडली. ती संध्याकाळ त्यांच्याकडे कोणी हक्काने मागू शकत नव्हतं. परतफेड होईल याची खात्री नव्हती, आणि पाठवणारा हजारो मैलांवरचा अनोळखी कारकून. विसाव्या श्लोकातलं दान मला त्या दोघांच्या टेबलावर दिसतं. ८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर पाठवलं, आणि त्यात कौतुकासोबत एक मागणी होती: सिद्धता पाठवा.

उद्या श्लोक २३.