कोणाच्या पाठीवर?

(वाचण्याचे शास्त्रभाग : हबक्कूक २:९-१२; मत्तय ७:२४-२७; लूक १९:१-१०)



समुद्रात एक नगर आहे, अशी कल्पना करा. ते कोणत्याही नकाशावर नाही, कारण ते एका ठिकाणी राहत नाही. चाचे लोकांनी, म्हणजे समुद्रावरील लुटारूंनी, ते वसविले. राजाची गलबते पाठीस लागली असता त्यांना एक ओसाड व खडकाळ बेट दिसले. त्यावर उतरून त्यांनी खुंट ठोकले, दोर बांधले व लुटीचा माल उतरविला. काही दिवसांनी त्यांस कळून आले की, हे बेट नव्हे. हा एक प्रचंड जलचर असून तो झोपलेला आहे. शहाणा मनुष्य त्याच रात्री शिडे उभारून निघून गेला असता. परंतु ते लोक हिशेबी होते. जो प्राणी स्वतःच हिंडत असतो, त्याच्या पाठीवरील नगर कोणत्या आरमारास सापडणार? म्हणून ते तेथेच राहिले.

पहिल्या पिढीची माणसे हळू पावलांनी चालत आणि चूल पेटविताना खाली दगडांचा थर घालीत. दुसऱ्या पिढीने दुमजली घरे बांधली व खुंट अधिक खोल ठोकले. तिसऱ्या पिढीच्या मुलांना एखादी म्हातारी सांगे की, ही जमीन वरखाली होते तो त्या प्राण्याचा श्वास होय; तेव्हा मुले हसत आणि म्हणत, आजी, ती भरतीओहोटी आहे.

ही कथा कल्पित आहे. उपदेशक बंधूंनी ती गावी सांगताना तसे स्पष्ट सांगावे, नाही तर सभा सुटल्यावर कोणी तरी त्या समुद्राचे नाव विचारील. तिचे बीज मात्र फार जुने आहे. ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक भाषेत ‘फिजिओलोगस’ नावाचा एक ग्रंथ झाला. त्यात पशुपक्ष्यांची वर्णने देऊन त्यांवरून ख्रिस्ती लोकांस बोध केलेला आहे. त्यातील एका प्रचंड माशाची पाठ वाळूच्या बेटासारखी दिसते. खलाशी त्यास नौका बांधतात, अन्न शिजविण्यास विस्तव पेटवितात, आणि चटका बसताच मासा नौकेसह तळाशी जातो. आयर्लंडातील ब्रेंडन नामक साधूच्या प्रवासकथेत व अरबी भाषेतील सिंदबादच्या पहिल्या सफरीतही असेच जिवंत बेट आहे. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. माणसे पाठीवर चालतात तोवर तो प्राणी सोसतो. विस्तव पेटला म्हणजे हलतो.

प्राचीन मंडळीतील शिक्षक या माशास सैतानाची उपमा देत. ती मला नीटशी पटत नाही. त्या प्राण्याचा अपराध काय? स्तोत्र १०४ पाहा. लिव्याथान हा देवाने समुद्रात खेळण्यासाठी निर्माण केला, असे स्तोत्रकर्ता आनंदाने सांगतो. तो आपल्या निर्माणकर्त्याच्या पाण्यात निजला होता. त्याच्या अंगात खुंट ठोकले ते माणसांनी. या कथेत दुष्टपणा कोठे असेल तर तो पाठीवर आहे, पाठीखाली नाही. आणि खाली जे आहे ते जिवंत आहे. हे दोन मुद्दे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढील हकीकत नीट समजेल. ती कल्पित नाही.

दोन्ही अमेरिका खंडांच्या मधील समुद्रात जमेका नावाचे बेट आहे. ते इंग्रजांनी १६५५ साली स्पेनच्या लोकांकडून जिंकून घेतले. त्याच्या दक्षिण किनाऱ्यास वाळूचा एक लांब, चिंचोळा दांडा समुद्रात गेलेला आहे. त्याच्या टोकावर त्यांनी पोर्ट रॉयल हे नगर वसविले. स्पॅनिश गलबते लुटणारे चाचे तेथे आश्रयास येत, कारण बेटाच्या रक्षणास ते सरकारास उपयोगी पडत. त्यांचा पुढारी हेन्री मॉर्गन याने १६७१ साली पनामा शहर लुटले. त्याबद्दल त्यास फाशी झाली असेल, असे तुम्हांस वाटेल. पण १६७४ साली राजाने त्यास ‘सर’ ही पदवी दिली आणि त्याच बेटाचा उपराज्यपाल करून पाठविले. १६८८ साली तो मरण पावला व त्या वाळूतच त्यास पुरण्यात आले. पुढे चाचेगिरीविरुद्ध कायदे झाले, चाच्यांचा जोर ओसरला आणि त्यांची जागा व्यापाऱ्यांनी घेतली. लुटीचा पैसा मात्र नगरातच राहिला. त्यात आणखी एका व्यापाराच्या पैशाची भर पडली. आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणीत व गुरांप्रमाणे विकीत.

स्पॅनिश लोक त्या बेटावर ठेंगणी घरे बांधीत, कारण तेथे भूकंप होतात हे ते जाणून होते. इंग्रज व्यापाऱ्यांनी वाळूवर विटांची अनेक मजली घरे उठविली. सुमारे ६,५०० माणसांची दाट वस्ती झाली. नगरात दारूचे गुत्ते होते तसे सेंट पॉल नावाचे मंदिरही होते. एमॅन्युएल हीथ नावाचे पाळक तेथे रोज प्रार्थना चालवीत. नगरातील लोकांत धर्माची थोडी तरी खूण टिकावी, एवढीच त्यांची आशा होती.

७ जून १६९२ रोजी प्रार्थना आटोपून हे पाळक बेटाच्या कारभाऱ्यास भेटण्यास गेले. त्यांस एका घरी जेवणाचे आमंत्रण होते. पण यजमानाने चिलीम पेटविली व ती संपेपर्यंत थांबण्याचा आग्रह केला. तेवढ्यात जमीन हलली. ज्या घरी ते जेवावयास जाणार होते ते आतील माणसांसह समुद्रात गेले. (तंबाखूच्या समर्थनार्थ ही गोष्ट कोणी सांगू नये.) मंदिर कोसळले, त्याचा बुरूजही कोसळला. काही मिनिटांत ३३ एकर जमीन पाण्याखाली गेली. सुमारे २,००० माणसे तत्काळ मेली आणि जवळजवळ तितकीच पुढे रोगराईने गेली. मॉर्गनची कबरही समुद्राने नेली. १९५९ साली पाणबुड्यांनी तळातून एक खिशातील घड्याळ वर काढले. त्याचे काटे झिजून गेले होते. परंतु क्ष-किरणांनी पाहता तबकडीवर त्यांच्या खुणा दिसल्या. ते ११ वाजून ४३ मिनिटांवर थांबले होते.

हे कसे झाले, ते खेड्यातील मनुष्यास सांगणे कठीण नाही. नदीच्या काठी ओल्या वाळूवर उभे राहून पायाने थोपटून पाहा. घट्ट वाटणारी वाळू लिबलिबीत होते आणि पाणी वर येते. वाळूचे कण एकमेकांस टेकून भार सोसतात. धक्का बसला की तो आधार सुटतो, भार पाण्यावर पडतो, आणि जमीन कढीसारखी वाहू लागते. पोर्ट रॉयलमध्ये माणसे गळ्यापर्यंत रुतली, आणि धक्का थांबताच वाळू त्यांच्याभोवती पुन्हा घट्ट झाली. ज्यास ते जमीन म्हणत होते, ती सदतीस वर्षे केवळ स्वस्थ पडून राहिली होती.

येथे पुष्कळ उपदेशक एक घाईचे वाक्य बोलून जातात : पाहा, चाच्यांच्या नगराचा देवाने नाश केला! बंधूंनो, हे वाक्य जिभेवर येईल तेव्हा लूक १३ वा अध्याय उघडा. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूने विचारले व स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. त्या वाळूवर साधूंचे नगर असते तरी ते बुडाले असते. जे बुडाले त्यांत तान्ही मुले होती, आणि आपल्या इच्छेविरुद्ध तेथे आणलेले गुलामही होते. आपल्याच महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे झोपेत गेली. दगडमातीच्या जाड भिंती व वरची जड माळवदे त्यांच्या अंगावर आली. त्या लोकांविषयी पापाची भाषा बोलण्यास कोण धजेल? मेलेल्यांचा न्याय आपल्याकडे सोपविलेला नाही.

परंतु त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हीथ यांनी आपल्या पत्रात ती लिहून ठेविली आहे. जमीन अद्याप थरथरत होती, पाळक रस्त्यात लोकांचे वर्तुळ करून गुडघे टेकून प्रार्थना करीत होते, आणि त्याच रात्री काही लोक वखारी फोडून शेजाऱ्यांचा माल लुटू लागले. भूकंपाचे कारण वाळूत शोधावे. या लुटीचे कारण कोणत्या वाळूत शोधावयाचे? दुसऱ्याच्या वस्तूवर जगण्याची सवय ज्या हातांस लागली होती, ते हात जमीन फाटली तरी थांबले नाहीत.

हबक्कूक संदेष्टा ज्याविषयी हाय हाय म्हणतो तो हाच मनुष्य. तो रक्ताने नगर बांधतो, अन्यायाने घर उंच करतो, आणि आपले घरटे संकटाच्या आवाक्याबाहेर आहे असे समजतो. त्या घराच्या भिंतीतील दगड ओरडतो व वरची तुळई त्यास उत्तर देते, असे संदेष्टा म्हणतो. भूकंप झाला नाही तरी तो दगड ओरडतोच. लिव्याथान जागा झाला नाही तरी पाठीतील खुंट त्यास टोचतच असतो.

आता आपल्या गावाकडे वळू. आपण चाचे नाही. समुद्र आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलाही नसेल. परंतु बांध कोरणे म्हणजे काय, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास पलीकडे सरकते. शेजारी म्हातारा झालेला असतो, त्याचा मुलगा मुंबईस असतो, आणि कोणी काही बोलत नाही. भाऊ वारला, त्याच्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढविण्यास उद्या जाऊ, परवा जाऊ, असे म्हणता म्हणता मुले मोठी झाली. सालगड्यास मुलीच्या लग्नात उचल दिली आणि त्या उचलीवर त्याची सहा वर्षे घेतली. ही माणसे सोसतात. ती रविवारी आपल्याच मंदिरात मागच्या ओळीत बसतात व आपल्याबरोबर गातात. त्यांच्या स्वस्थ राहण्याला आपण संमती समजतो. तो पाया नव्हे, प्रियहो. ती कोणाची तरी पाठ आहे. याकोबाने पाचव्या अध्यायात लिहिले आहे की, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. मजूर गप्प असतो. मजुरी गप्प राहत नाही.

मंडळीच्या पंचांस व उपदेशकांस येथे एक अवघड प्रश्न आहे, तो मी टाळीत नाही. मंदिराच्या छपरासाठी सर्वांत मोठी देणगी ज्या घरून येते, त्या घराविषयी गावात काय बोलतात हे तुम्हांस ठाऊक असते. पोर्ट रॉयलच्या मंदिराचा बुरूज गुत्त्याच्याच वाळूवर उभा होता. प्रार्थना खरी होती, पाळक भला होता, तरी बुरूज पडावयाचा राहिला नाही. देणगी घेण्यापूर्वी त्या भावाच्या ओसरीवर जाऊन बसा. चारचौघांत नव्हे, एकट्याने. त्याच्या भावजयीचे नाव काढा. तो रागावेल, कदाचित पुढील वर्षी छप्पर गळेल. गळू द्या.

ज्याने बांध कोरला तो विचारील, आता मी काय करू? पाठीवर माझे घर आहे, मुलेबाळे आहेत, एका रात्रीत कोठे जाऊ? हा प्रश्न खरा आहे. प्रभूने डोंगरावर सांगितलेला खडक दूर कोठे आहे असे नाही. त्याची वचने ऐकणे व त्याप्रमाणे करणे हाच तो खडक, असे मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे. ‘करणे’ हा शब्द तेथे आहे, आणि आपण वाचताना तो हळूच गिळतो.

यरीहोचा जक्कय हा त्या पाठीवर मोठे घर बांधून राहिलेला मनुष्य होता. तो मुख्य जकातदार. लोकांच्या गाठोड्यांवर त्याची श्रीमंती उभी होती. प्रभूने त्यास झाडावरून खाली बोलाविले आणि त्याच्याच घरी उतरण्याचे ठरविले. आधी घर पाड, मग येतो, असे प्रभु म्हणाला नाही. तो पाहुणा घरात आल्यावर जक्कयास कळले की आपले घर कशावर उभे आहे. अर्धे धन गरिबांस, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्यास चौपट, असे त्याने उभे राहून सांगितले. त्याने खुंट एकेक करून उपटावयाचे ठरविले. कोणाकडून काय घेतले, हे त्यास पक्के ठाऊक होते. घेणाऱ्यास ते नेहमीच ठाऊक असते. त्यासाठी वही लागत नाही.

पुढे काय झाले ते लूकाने लिहिले नाही, पण मी ते पुष्कळदा मनात पाहतो. दिवेलागणीची वेळ आहे. यरीहोच्या एका गल्लीत कोणी दार वाजविते. आतील बाई दार उघडते, समोर जकातदारास पाहून तिच्या काळजात धस्स होते आणि ती मुलांस मागे ओढते. तो काही न बोलता उंबरठ्यावर बसतो, कमरेची पिशवी सोडतो व नाणी मोजू लागतो.