सोयरीक आणि रक्ताची तपासणी

सोयरीक जुळवताना आपण नोकरी विचारतो, घरदार विचारतो, मुलाच्या व्यसनांची आडून चौकशी करतो. सिकलसेलची तपासणी झाली का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक स्वतः बहुधा धडधाकट; त्याला पत्ताही नसतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे हा आजार जास्त आढळतो, पण पोटासाठी माणसे कुठून कुठे जातात, तिथेच संसार थाटतात.

मग आपण वाहक आहोत हे लग्नाआधी सांगणे कर्तव्य आहे का? मला वाटते, आहे. पण मुलीने सांगावे आणि मुलाकडच्यांनी स्वतः न तपासताच लग्न मोडावे, हा न्याय नव्हे. जन्माने माथी मारलेल्या शिक्क्याचे दुःख महाडला नवे नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर माणसे त्याविरुद्धच उभी राहिली. म्हणून तपासणी दोघांची, एकाच वेळी व्हावी. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलून निर्णय त्यांनीच घ्यावा, नातेवाइकांनी नव्हे.

केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तीत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे. आजार निघालाच, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया घेतल्याने कळांचे झटके कमी होतात. मात्र पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. दोघांची ती मजुरी मंडपाच्या खर्चात सहज बसेल.