रिद्धपूरचा ओटा आणि आजीचा आवाज



रोजच्या वाचनात सध्या आपला लीळाचरित्राचा उत्तरार्ध सुरू आहे. आज मात्र एखादी लीळा न घेता ही पोथी मुळात झाली कशी, यावर थोडं चिंतन करू. रविवारी रिद्धपूरला जाऊन आलो, तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

आधी कारण सांगतो. आजी गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिला लीळा सांगायला लावायचो आणि फोनवर रेकॉर्ड करायचो. गेल्या महिन्यात तो फोन बंद पडला आणि आतलं सगळं गेलं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या डेटाचे बॅकअप सांभाळणारा मी, आजीचा आवाज एकाच फोनमध्ये ठेवून बसलो होतो. उद्या कॉपी करू, उद्या करू, असं म्हणत. राग यायचा तर कोणावर? स्वतःवरच.

आई म्हणाली, "चल, रिद्धपूरला जाऊन येऊ." काटोल, वरुड, मोर्शी असं संत्र्याच्या बागांमधून निघालो.

ऑनसाइटला असताना मी वेल्समधला टिंटर्नचा मठ पाहिला होता. ११३१ साली स्थापन झालेला, १५३६ साली राजाच्या हुकमाने बंद पडलेला. छप्पर नाही, पण उंच कमानी अजून उभ्या आहेत. तसंच काहीतरी तेराव्या शतकातलं रिद्धपुरात दिसेल, असं मनात होतं. राजमठ म्हणजे साक्षात श्रीगोविंदप्रभूंचं राहण्याचं ठिकाण! पण इथे डोळे दिपवणारे जुने अवशेष शोधू नका. नवं बांधकाम आहे, देवळं आहेत, आणि आहेत ओटे. प्रभू इथे बसले, इथे उभे राहिले, एवढं सांगणारे ओटे. लोक येतात, डोकं टेकतात, पुढच्या ओट्याकडे जातात.

खरं सांगतो, पहिल्यांदा मन थोडं खट्टू झालं. मग आठवलं, आपल्या पंथात स्थान मोठं ठरतं ते परमेश्वराच्या चरणांच्या संबंधामुळे. बांधकाम किती जुनं, याला महत्त्व नाही. टिंटर्नला भिंती उरल्या, पण तिथे नित्याची प्रार्थना करणारे साधू राहिले नाहीत. इथे जुन्या भिंती गेल्या, पण वंदन थांबलं नाही.

ते का थांबलं नाही? सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे निघून गेले, तेव्हा मागे राहिलेली मंडळी याच गावात गोविंदप्रभूंच्या आश्रयाला आली. नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट. स्वामींचं बोलणं आता पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं. म्हणून म्हाइंभट विचारत सुटले. नागदेवाचार्यांना विचारलं, आणि ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांनाही गाठून विचारलं. इथल्या वाजेश्वरीला बसून त्यांनी लिहिलं, असं परंपरा सांगते. साधारण १२७८ चा सुमार. मराठीतला हा आद्य गद्य ग्रंथ.

आणि परंपरा असंही सांगते की पुढे खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली! मग काय केलं? ज्यांना पाठ होती, त्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून तर वेगवेगळे पाठ आले. एकच लीळा कोणी अशी सांगतो, कोणी तशी, आणि पोथीत दोन्हींची नोंद राहते, कोणाच्या सांगण्याप्रमाणे काय, यासकट. आपलंच खरं म्हणून दुसऱ्याचं खोडून टाकलं नाही.

हे सगळं मी ओट्यापाशी बसून आईला सांगत होतो. ती मधेच म्हणाली, "तुझ्या आजीनं मला इथेच बसवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा. मी रडत होते, तर म्हणे, काहून रडतं वं? देव काय माणसं मोजून माया करते का?"

हे मला माहीतच नव्हतं.

तिथूनच आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "रिद्धपूरला नाही रे, घरीच म्हटलं होतं आईनं. मी होते ना तिथं!" दोघी जणी फोनवरच भांडल्या आणि मग हसल्या. मी दोन्ही लिहून घेतलं. एकासमोर आईचं नाव, एकासमोर आत्याचं.

आजीचा आवाज परत येणार नाही. ते नुकसान झालंच आहे, त्याला गोड शब्दांनी झाकणार नाही. पण स्मरण म्हणजे डोळे मिटून एकट्याने बसणं एवढंच मी समजत होतो. म्हाइंभटांचं स्मरण चालतं होतं, माणसांच्या दारात जाऊन विचारणारं होतं. विचारायला माणसं असतात, तोवरच ते करता येतं.

म्हणून आजचा नेम. पारायण रोजच्यासारखं कराच. शिवाय घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला आज फोन लावा, एक आठवण विचारा, लिहून ठेवा आणि सांगणाऱ्याचं नाव घाला. आणि हो, कॉपी दोन ठिकाणी ठेवा.

दंडवत प्रणाम!