नडीचा भाव

2019 साली माण तालुक्यात उन्हाळा फेब्रुवारीतच येऊन बसला. आदल्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्यात माण होताच. नसता तरच लोकांना नवल वाटलं असतं. गाईम्हशींसाठी चारा छावण्या उघडू लागल्या. शेळ्यामेंढ्यांना मात्र तिथं दावण नव्हती. शेळीनं आपलं आपण बघावं, अशी एकंदर समजूत.

हे खुपलं ते गावाच्या रेडिओ केंद्रावर फुकट राबणाऱ्या सहा-सात कॉलेजच्या पोरापोरींना. केंद्र म्हणजे एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेली गोणपाटं आणि अंगणात उभा मनोरा. दहापंधरा किलोमीटरच्या पुढं आवाज विरतो. अशा सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नसते, आणि निम्मा कार्यक्रम तरी भोवतालच्या लोकांच्या सहभागातून व्हावा, असा 2006 च्या धोरणाचा दंडक होता. बातम्या वगळल्या की उरतात गाणी आणि माणसं. पोरांनी माणसं निवडली. शेळ्यांच्या चाऱ्यासाठी मदत गोळा करायची आणि त्यासाठी रोज एका शेळीवाल्याची गोष्ट ऐकवायची, असं ठरलं.

पहिली गोष्ट गावाच्या कडेला राहणाऱ्या एका म्हातारीची. नवरा गेलेला, पदरात अकरा शेळ्या. केंद्रावरची ताई रेकॉर्डर घेऊन गेली तेव्हा आजी तासभर बोलली. कुठली शेळी दुसऱ्यांदा गाभण आहे, कुणाला दोन-दोन करडं होतात, बाभळीच्या शेंगा किती घालाव्यात, शेवरीचा पाला कुणाच्या बांधावर अजून हिरवा आहे. मध्येच एकदा, थोरली शेळी विकावी लागंल की काय म्हणताना, तिचा आवाज कापला. तेवढंच.

एडिटिंगला बसल्यावर तासाची आठ मिनिटं करायची होती. शेंगा गेल्या, शेवरी गेली, करडं गेली. आवाज कापला तो तुकडा राहिला आणि त्याखाली बासरी आली. हे त्यांनी वाईट बुद्धीनं केलं नाही. त्या वयात दुःख ऐकवलं की माणूस हलतो, एवढं कळलेलं असतं, आणि ते खोटंही नाही.

माणसं हललीच. मक्याच्या पेंड्यांचा टेम्पो आला. तुकडा मोबाइलवरून मुंबईला पोचला आणि तिथल्या गाववाल्यांचे पैसे आले. पोरं टेम्पो घेऊन म्हातारीच्या दारात गेली, तर तिनं फाटक उघडलं नाही.

"आजी, चारा आणलाय."

"दिसतोय की. न्या माघारी."

ताई तिथंच बसली. बऱ्याच वेळानं म्हातारी बोलली. ती बाजारात दोन शेळ्या घेऊन गेली होती. जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो हे माहीत असेलच: व्यापारी रुमाल टाकतो आणि त्याच्या आड बोटं दाबून भाव ठरतो. शेजारच्यालाही आकडा कळत नाही. त्या दिवशी व्यापाऱ्यानं रुमाल काढलाच नाही. हसून म्हणाला, रेडिओवरच्या आजी ना तुम्ही? आणि उघड्यावर आकडा सांगितला, नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. तो सोडून दुसऱ्याकडं गेली, तर त्यानंही तोच सांगितला. शेळ्या तिनं परत आणल्या.

"बाजारात भाव रुमालाखाली ठरतो गं पोरी," म्हातारी म्हणाली, "आन् माझी नड तुम्ही चार कोसांत वाजवली."

रेडिओलहरी ही सगळ्या लोकांची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सांगितलं आणि त्यातूनच पुढं अशा केंद्रांना वाट झाली. पण लहरी सगळ्यांच्या असल्या तरी नड ज्याची त्याची असते. पोरं ज्या श्रोत्यांना दयाळू समजत होती, त्यांच्यातच व्यापारी बसला होता. केंद्राचा टापू आणि बाजाराचा टापू एकच, ही साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

एका पोरानं सुचवलं, उद्या रेडिओवर जाहीर माफी मागू. म्हातारी उसळली. "म्हंजे पुन्यांदा तेच वाजवनार?"

मग तिनंच तोड काढली. फुकटचा चारा घेणार नाही, वाट्यानं घेईन. माणदेशात अर्धलीनं शेळी देण्याची चाल जुनी आहे: एकाची शेळी, दुसऱ्याची राखण, करडं निम्मी-निम्मी. तिनं ती उलटी फिरवली. शेळ्या माझ्या, चारा तुमचा. दोन करडं झाली तर एक तुमच्या खात्यावर. वहीत लिहा आणि माझा अंगठा घ्या. ताईनं वही आणली. अंगठा उमटला, मग टेम्पो रिकामा झाला. पुढच्या आठवड्यात ज्या शेळीवाल्यांनी लाजेनं निरोपही धाडला नव्हता, ते स्वतःहून वहीत नाव घालायला आले.

कार्यक्रमही बदलला. आता रेकॉर्ड केलेलं आधी ज्याचं त्याला ऐकवायचं आणि तो म्हणेल ते काढायचं. एका बाबांनी आपल्या कर्जाचा भाग काढायला लावला आणि बोकडाची जात कशी ओळखावी यावर वीस मिनिटं ठेवायला लावली. म्हातारीचा तासही पुन्हा लागला, शेंगा आणि शेवरीसकट. तो ऐकून शेजारच्या वाडीतली दोन माणसं तिच्याकडून दोन दाती शेळ्या बघून गेली, व्यापाऱ्याला मध्ये न घेता.

मदत मात्र घटली. पहिल्या आठवड्याएवढे पैसे पुन्हा कधी आले नाहीत. मुंबईहून एकानं फोन करून सांगितलं, ती रडणारी म्हातारी परत लावा, आमच्या मंडळात अजून वर्गणी निघेल. ताईनं नाही म्हटलं. तिच्या सोबतची दोन पोरं तिच्यावर चिडली आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. उन्हाळा अजून सरायचा होता आणि पेंडी पैशानंच येते.

त्याच गृहस्थांचा दिवाळीच्या सुमारास पुन्हा फोन आला. "त्या आजीचं पुढं काय झालं हो?"

"आजी बऱ्या आहेत," ताई म्हणाली. "तुमच्या पैशांतून दिलेल्या चाऱ्याच्या वाट्याला दोन बोकड आलेत. आत्ता विकायचे की पुढच्या बकरी ईदपर्यंत ठेवायचे? ठेवायचे तर चाऱ्याचं बघावं लागेल."

पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आवाज बदलला.

"आत्ता भाव काय चाललाय?"

"तो फोनवर सांगत नाही. बाजाराला या."